राहिलेलं हळदीकुंकू

अक्षरा मूळची दापोलीची. डोक्यावर बॉयकट, पायात बूट, आणि हाताला अशी चव की तिची आमटी प्यायला पंजाबातल्या मोहालीतलं तिचं अर्धं ऑफिस एअरोसिटीतल्या तिच्या फ्लॅटवर टपकायचं. तिची जोडीदार अबोली लांब वेणीची, गोड बोलणारी. ती जवळच्याच डेराबस्सीच्या औषध कारखान्यात मोटारी आणि जनरेटर सांभाळायची. घरी मात्र साधा चहाही उतू घालवायची. दोघींचा संसार छान चालला होता आणि त्यांनी तो कुणापासून लपवला नव्हता.

मराठी मंडळाच्या शालिनीकाकूंना मात्र एकच कोडं पडलेलं: ह्यांच्यात नवरा कोण? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी ते आपल्यापुरतं सोडवलं. अबोलीला कुंकू लावलं, वाण दिलं, आणि अक्षरापुढे हात आखडता घेत म्हणाल्या, "तू बाहेर पुरुषांत जाऊन बस. नवरेमंडळींना हळदीकुंकू नसतं."

बायका खो खो हसल्या. अक्षराही हसली, बाहेर धुक्यात जाऊन उभी राहिली, आणि तो अपमान तिने लोणच्यासारखा मुरत ठेवला.

गणपतीत काकूंनी कामंही त्याच अकलेने वाटली. मोदक अबोलीकडे, जनरेटर अक्षराकडे. अबोली तोंड उघडणार, तोच अक्षराने तिच्या पायावर पाय दिला.

मग व्हायचं तेच झालं. ऐन आरतीत वीज गेली आणि जनरेटर ढिम्म हलेना. मोबाइलच्या उजेडात काकूंनी नैवेद्याचं ताट उघडलं, तर मोदक कसले, नुसता गुळाचा चिखल. देव समजूतदार असतो, पण बोलावलेले पाहुणे नसतात. काकूंचं तोंड एवढंसं झालं, आणि ते पाहून अक्षराला जे समाधान वाटलं ते तिने लपवलं नाही.

"मुद्दाम केलंत तुम्ही," काकू म्हणाल्या.

"वाटणी तुमची होती, काकू. मी केलेले मोदक गाडीत आहेत. जनरेटर अबोली आत्ता चालू करेल. आधी माझं राहिलेलं हळदीकुंकू द्या."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"हसणाऱ्या सगळ्या इथेच आहेत."

काकूंनी कुंकवाचा करंडा उचलला. अपुऱ्या उजेडात थोडं कुंकू अक्षराच्या नाकावर सांडलं. लावून झाल्यावर त्या सवयीने थांबल्या. धाकटी बाई वाकून नमस्कार करते ना, म्हणून.

अक्षरा वाकली नाही. नाकावरचं कुंकूही तिने पुसलं नाही.

"अबोली," ती म्हणाली, "लाव आता दिवे. नीट दिसू दे सगळ्यांना."