फाळ की विळा

अकोल्याच्या कापूस बाजाराबाहेर तो पायानं चाक फिरवून चाकू-कात्र्यांना धार लावायचा. विलायती चाकू हाती आला की आधी अंगठ्यानं पात्याचं बूड पुसायचा. तिथं मुकुटाखाली त्या वेळच्या राज्यकर्त्याचं अक्षर ठोकलेलं असे. त्याला इंग्रजी येत नव्हतं. राणीचं खाली टोक असलेलं अक्षर म्हणजे नांगराचा फाळ आणि आताच्या राजाचं वाकडं अक्षर म्हणजे विळा, एवढं त्याला पुरे होतं. "विळा हाये. नवा हाये," हे तो आपला चाकू जुना म्हणणाऱ्या वकिलालाही तोंडावर सांगायचा. ती खूण कितीही गंजलेली असली तरी चाकाला लावायची नाही, हा त्याचा नेम. "ते घासलं तं चाकूचं वय जाते," म्हणायचा.

मी चाकू जमवायचो आणि त्याच्याच शब्दावर विसंबायचो.

एकदा वडलांचा चाकू नेला. राणीच्या राज्यात, आपल्या लग्नात सरकी काढायच्या जिनातल्या साहेबानं तो दिला, असं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मी तेच त्याला सांगितलं. त्यानं बूड पुसून उन्हात धरलं. गंजाखालचं अक्षर मला अर्धवटच दिसलं, पण फाळ काही तो नव्हता. त्यानं खुणेवर अंगठा ठेवला आणि विचारलं,

"वडील हायेत?"

"आहेत. उशाशी हाच चाकू घेऊन झोपतात."

त्यानं चाकाला पाय दिला आणि पात्याचं बूडच दगडाला लावलं. बऱ्याच वेळानं ठिणग्या थांबल्या, तेव्हा तिथं कोरं पोलाद चमकत होतं.

"राणीच्या वखताचा हाये," चाकू मिटवत तो म्हणाला. "सांगा त्याइले."