पडद्यामागचा भोलेनाथ

माझ्याइतका गाढवपणा उज्जैनात आणखी कुणी केला असेल तर त्याला माझ्यासमोर आणा, मी त्याचे पाय धरीन. चहा घ्या, सांगतो.

इथल्या फ्रीगंज भागात सायबर कॅफे नवे नवे निघाले होते, तेव्हाची गोष्ट. बँकेत कॉम्प्युटर आले होतेच, म्हणून घरी सांगून ठेवलं की रोज सहा ते सात ट्रेनिंग असतं. ट्रेनिंग कसलं डोंबलाचं! मी तिवारीच्या कॅफेत बसून इंटरनेटवर पोकर खेळायचो. पैसेबिसे काही नाही हं, नुसत्या फुकटच्या चकत्या. पण आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, पत्ते म्हटलं की तिडीक. कॉलेजात असताना मला एकदा पत्ते खेळताना पकडलं, तर थेट महाकालासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली होती. तेव्हा माझं वय चव्वेचाळीस, डोक्यावर केस उरलेले नव्हते, आणि भीती मात्र तेवढीच. आबांना कळलं की मेलोच.

म्हणून पहिल्याच दिवशी तिवारीला बजावलं, कुणीही विचारलं तरी माझं नाव सांगायचं नाही. प्लायवूडच्या कॅबिनींना पडदेसुद्धा मीच हट्टानं लावून घेतले. तिवारी भला माणूस. "भाईसाब, यहाँ की बात यहीं रहेगी," म्हणाला.

पुढे काय झालं, 'भोलेनाथ' नावाचा एक खेळाडू रोज माझ्याच टेबलावर येऊन बसायला लागला. पोकरमध्ये प्रत्येकाचे दोन पत्ते गुपित असतात. पण ह्याला माझे दिसतात की काय, देव जाणे! मला दोन एक्के आले की हा पत्ते टाकून मोकळा. हातात काही नसताना मी नुसती थाप मारली की हा ठाण मांडून बसणार. पंधरा दिवस धुतलं हो त्यानं मला.

मग माझं डोकं फिरलं. कंपनीला दोन पानी इंग्रजी तक्रार ठोकली की हा लबाड आहे, ह्याचं नावगाव मला ताबडतोब कळवा. उत्तर आलं, खेळाडूची माहिती आम्ही कुणालाही देत नाही. इथवर ठीक. पण खाली लिहिलं होतं की तुम्ही दोघं एकाच जागेवरून खेळता असं आम्हाला दिसतं आहे. तुमची मिलीभगत तर नाही ना? तीन दिवसांत खुलासा करा, नाहीतर दोघांची खाती बंद आणि दोघांची नावं लबाडांच्या यादीत.

घ्या! तक्रार करणारा मी, आणि आरोपीही मीच.

पण एकाच जागेवरून, म्हणजे चोर ह्याच कॅफेत बसतो की! तडक तिवारीकडे गेलो आणि म्हटलं, काढ रजिस्टर, सगळ्यांची नावं बघायची आहेत. त्यानं रजिस्टरवर हात ठेवला.

"भाईसाब, कल कोई आकर आपका नाम पूछे, तो बता दूँ?"

पण मी तावात होतो. माझी गोष्ट वेगळी आहे, असं काहीतरी बरळलो. वेगळी कशी ते मलाही ठाऊक नव्हतं.

रजिस्टर मिळेना, म्हणून सरळ पडदे ओढायला लागलो. पहिल्या कॅबिनमध्ये एक मुलगी नोकरीचा अर्ज टाइप करत होती. तिनं असं काही पाहिलं की माफी मागून पडदा मीच नीट लावून दिला. दुसरी कॅबिन माझी. तिसरीचा पडदा खस्सकन ओढला आणि गरजलो, "सापडलास चोरा!"

आत आबा.

धोतर, कोट, नाकावर चष्मा, आणि समोर स्क्रीनवर पत्ते. घरी सांगून निघायचे रामघाटावर आरतीला. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, अमेरिकेतून ई-मेल पाठवतो ते वाचायला म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. माझ्या आधी येऊन बसायचे, माझ्यानंतर निघायचे. आपलं नाव सांगू नकोस म्हणून त्यांनीही तिवारीला बजावलं होतं.

"आबा, तुम्ही? अहो, पण ती शपथ?"

"शपथ तुला घातली होती. मी कुठे घेतली होती?"

मग विचारलं, माझे पत्ते तुम्हाला कळायचे कसे?

"कसे म्हणजे? एक्का आला की तू 'आला रे आला' म्हणून नाचतोस. राणी गेली की तिच्या नावानं रडतोस. मध्ये नुसतं प्लायवूड आहे. मी काय कानात बोळे घालून बसू?"

खरं सांगतो, आपण मोठ्यानं बोलतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. काउंटरवरून तिवारी म्हणाला की त्यालाही आता पत्त्यांपुरती मराठी येते. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

राहिला कंपनीला द्यायचा खुलासा. आबांनी मला बाजूला सारलं आणि कीबोर्ड ओढला. जन्मभर तार ऑफिसात काढलेला माणूस, शब्द वाया घालवणं रक्तातच नाही. इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. भोलेनाथ म्हणजे बाप. शेजारी मुलगा, पत्ते मोठ्यानं वाचतो. लबाड नाही, मूर्ख आहे. मी हातापाया पडलो की तो शेवटचा शब्द तरी काढा. त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. दोघांचीही खाती चालू राहतील. तुमच्या चिरंजीवांचे आजवरचे सगळे डाव आम्ही बारकाईनं तपासले, आणि आपल्या म्हणण्याबद्दल आमची पूर्ण खात्री पटली आहे.