अचलपूरच्या माडीवरच्या फळ्या

सागवानावर टाइल्स बसवलेल्या दिसल्या की माझं डोकं फिरतं. बढाई म्हणून सांगत नाही, या स्वभावापायी दोन-चार कामं हातची गेली आहेत. मी अमरावतीचा, सुतारकाम घराण्यातलं, आणि गेली काही वर्षं जुन्या घरांतल्या लाकडी जमिनी दुरुस्त करतो. लोक विचारतात, आपल्या वऱ्हाडात कुठं आल्या लाकडी जमिनी? अरे बाबा, खाली नाही, वर माडीवर जाऊन बघा. मेळघाटाचं सागवान हाताशी होतं तेव्हा अकोल्या-अचलपूरच्या कापूसवाल्यांनी माड्यांना दीड-दीड इंच जाड फळ्या घातल्या. पुढच्या पिढ्यांनी त्यावर ऑइल पेंट, प्लास्टिकच्या चटया, काय वाट्टेल ते थापलं. ते काढून खालचं लाकूड पुन्हा वर आणायचं, एवढंच माझं काम.

अचलपूरचं काम एका ताईंनी फोनवर दिलं. त्या अमरावतीतच राजापेठेत राहतात, बँकेत नोकरीला आहेत. वडील अचलपुरात एकटे. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, पंचाहत्तरीच्या पुढचे, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. स्वयंपाकाला बाई येते, बाकी सगळं त्यांचं ते करतात. पण माडीवरची एक फळी मोडली आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. चांगले नऊ टाके पडले.

"भाऊ, मी स्पष्टच सांगते," ताई म्हणाल्या. "जमीन पक्की झाली अन् बाबा न पडता फिरू शकले, तर राहू द्या त्यांले तिथं. नाही तर मी त्यांले इकडं घेऊन येते. दिवसभर जीव टांगणीले असते माझा."

त्यांचं चूक नव्हतं. पण गुरुजींना तो फ्लॅट नको होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऐकवलं, "तिथं मले हात धरून संडासले नेतात. पोरगी चांगली हाये, जावई चांगला हाये, पण तिथं मी ठेवलेला माणूस हावो. इथी मी माह्या पायानं फिरतो." मी म्हटलं, गुरुजी, काळजी सोडा, अशी जमीन करून देतो की तुमचा पाय कुठं अडकणार नाही.

ती जमीन काळीकुट्ट आणि चिकट होती. मशीन लावलं की पॉलिश पेपर दोन मिनिटांत बुजायचा. विचारलं तेव्हा कळलं की दरवर्षी दिवाळीआधी तिला सरकीचं तेल पाजायची घरची पद्धत. गुरुजींच्या आजोबांची कापसातून सरकी काढायची जिनिंग होती, तेलाचे डबे घरात पडलेले असत, मग जवसाचं विकत कोण आणणार? आता जवसाचं तेल लाकडात वाळून बसतं, सरकीचं कधी नीट वाळत नाही. त्यावर धूळ बसली, कापसाचं तूस बसलं, त्यावर पुन्हा तेल. आमच्या कापूसवाल्यांशिवाय ही करामत दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

"गुरुजी, भजे तळले काय या जमिनीवर?" मी ओरडलो.

"तू आपलं काम कर लेका," ते शांतपणे म्हणाले. "पस्तीस वर्षं पोरायले शिव्या घातल्या, आता तुह्या खाऊन घेतो."

गुरुजींचा पलंग खालच्या खोलीत हलवला आणि बारा दिवस मी माडीवर खपलो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ते काळं खरवडलं. कुजलेल्या फळ्या काढल्या, परतवाड्यात एक जुनं घर पाडत होते तिथून तसंच सागवान आणून बसवलं. वर आलेले खिळे ठोकून बसवले, फटी बुजवल्या, मग जाड, मध्यम, बारीक असा पेपर फिरवला. शेवटी जवसाचं तेल आणि वर पॉलिश. खरं सांगतो, इतकी सपाट जमीन मी त्याआधी केली नव्हती. मधासारखा रंग आला होता. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पलंग वर आणला आणि गुरुजींना म्हटलं, चला, फिरून पाहा. ते अनवाणी उठले, दोन पावलं टाकली, तिसरं टाकलं आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. एकदा डावीकडे वळले, एकदा उजवीकडे. मग दाराकडे म्हणून निघाले ते थेट जिन्याच्या तोंडाशी. मी धावत जाऊन सदऱ्याची बाही धरली, नाहीतर खाली गेलेच होते.

आणि मी काय केलं? उलट त्यांच्यावरच चिडलो. "अहो, एवढी गुळगुळीत करून दिली, तरी तुमी भलतीकडं काहून जाऊन राहिले?"

"जमीन चांगलीच असन बाबू," ते भिंत चाचपत म्हणाले. "पण माही खोली कुठी गेली?"

मग ते पलंगावर बसून सांगत राहिले. पलंगापासून चौथ्या पावलाला एक गाठ होती, तिथून उजवीकडे मोरी. दारापाशी फळी वापरून खोलगट झाली होती. जिन्याच्या अलीकडे बोटभर फट होती, ती तळव्याला लागली की थांबायचं. बारा वर्षं हा माणूस त्या खुणांवर चालत होता, आणि मी एकेक करून त्या सगळ्या घासून, ठोकून, बुजवून टाकल्या होत्या. मला विचारायचं सुचलं नाही. त्यांनाही सांगायचं सुचलं नाही, कारण ते सगळं पायाला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं.

"पोरीले फोन कर," ते म्हणाले. "म्हणा, घेऊन जाय."

मला इतकी लाज वाटली की मी फोन केला नाही. ताई रविवारी येणार होत्या, म्हणजे मधे तीन दिवस होते. घरी येऊन मी डोळ्यांवर दुपट्टा बांधला आणि बैठकीच्या खोलीत चालून पाहिलं. "लपाछपी खेळून राहिले काय या वयात?" बायको हसायला लागली. नडगी कपाटाला आपटली तेव्हा मात्र तिनं हात धरला. टाइल्सवर मला काही म्हणता काही कळत नव्हतं. पायपुसण्यावर पाय पडला तेव्हा कुठं समजलं की दार आलं. पण पायपुसणं सरकतं, आंधळ्या माणसाच्या घरात ते घालणं म्हणजे पडायची सोय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अचलपूर गाठलं आणि पटाशी घेऊन खाली बसलो. गुरुजींनी सांगायचं, मी खडूनं आखायचं. मोरीकडे जायच्या वाटेवर उभ्या बारीक रेघा कोरल्या, दाराकडे आडव्या, जिन्याकडे तिरप्या. जिन्याच्या अलीकडे वीतभर पट्टा पॉलिश काढून पार खरखरीत केला, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत. माझीच जमीन माझ्याच हातानं खरवडताना जीव तुटत होता. गुरुजी प्रत्येक रेघेवर चालून बघत. "जास्त झालं, टोचते." घासलं. "आता कळून नाही राहिलं." पुन्हा कोरलं. शनिवारपर्यंत ते माझ्यावर शाळेतल्यासारखे खेकसायला लागले आणि मला त्याचं बरंच वाटलं.

रविवारी ताई मोठी बॅग घेऊन आल्या, वडिलांचे कपडे भरायला. ती रिकामीच परत गेली हे आत्ताच सांगून टाकतो, पण कशी गेली ते ऐका. त्यांचा आवाज आला तसे गुरुजी पलंगावरून उठले आणि जिन्याकडे निघाले. अर्ध्यावर रेघा सुटल्या. ते थांबले. ताई एव्हाना वरच्या पायरीवर होत्या, त्या झेपावणार तेवढ्यात मी हात आडवा केला. म्हटलं, थांबा ताई, पाया पडतो तुमच्या. गुरुजींनी दोन पावलं मागं घेतली, तळवा फिरवून रेघा शोधल्या आणि चालत येऊन बरोबर खरखरीत पट्ट्यावर उभे राहिले.

"आली काय?" त्यांनी विचारलं.

मी ताईंना रेघा दाखवल्या, कोणती वाट कुठं जाते ते सांगितलं. त्या बराच वेळ वाकून बोटं फिरवत राहिल्या. मग पलंगापाशी गेल्या, डोळे मिटले आणि चालायला लागल्या. पाचव्या पावलालाच चुकल्या. हात पुढं करून खोलीच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"बाबा, मले तर काहीच समजून नाही राहिलं."

"तिथंच थांब, हलू नको," गुरुजी म्हणाले. "मी येतो तुले घ्यायले."

ते रेघांवरून तिच्यापर्यंत गेले, चाचपून तिचा हात धरला आणि सावकाश, तिच्या पावलानं पाऊल टाकत तिला जिन्यापर्यंत घेऊन आले. पट्टा लागला तसे थांबले.

"आता डोळे उघड," ते म्हणाले, "पुढं पायऱ्या हायेत."