रिकामी बंदूक

बाबा गेले, त्यानंतर महिनाभरात पोलीस ठाण्यातून निरोप आला: बंदूक जमा करा, नाहीतर वारसाच्या नावावर करून घ्या. वारस मी एकटीच. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढली, बाहेरच्या जिल्ह्यांत. निवृत्त होऊन सेनगावजवळच्या आमच्या शेतात राहायला आले, आणि त्याच हिवाळ्यात बाबा गेले.

बंदूक इंग्रजी बनावटीची, दोन नळ्यांची. ज्या जहागिरदारांकडे बाबा लहानपणी कामाला होते, त्यांचा मुलगा हैदराबादला गेला तेव्हा ती बाबांकडे आली. परवाना पीकसंरक्षणाचा होता. सोयाबीन, तूर उभी असली की बाबा दिवस मावळताना ती खांद्यावर टाकून बांधावरून फिरायचे. मी दर रविवारी फोन करायची आणि एकच विचारायची, "डुकरं येतात का? एकटे फिरू नका."

"बंदूक हाय ना संगं," ते म्हणायचे. मला तेवढं पुरायचं.

बाबांच्या ट्रंकेत मला एकही भरलेलं काडतूस सापडलं नाही. पुठ्ठ्याचं एक उडवलेलं, रिकामं काडतूस तेवढं होतं. मग काडतुसं मिळतात का ते बघायला, ठाण्याचं पत्र घेऊन मी बंदूक नांदेडला नेली. तिथे बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे मियाँ होते. त्यांनी बंदूक हातात तोलली, नळीत माप घातलं आणि म्हणाले, "ही मी पाहिली आहे."

त्यांनी कपाटातून आजचं एक रिकामं काडतूस काढलं आणि माझ्या जुन्या काडतुसाशेजारी उभं केलं. जुनं बरंच ठेंगणं दिसत होतं.

"एवढं आखूड काहून केलं असेल?" मी विचारलं.

"विलायतेतले लोक तितरांमागे दिवसभर चालायचे, बाई. शेतं, कुंपणं, चिखल. दुपारनंतर जड बंदूक हातात राहत न्हाई. आणि म्हातारपण आलं, खांदा दुखू लागला, तरी शौक सुटत न्हाई. बायकाही जायच्या. म्हणून बंदूक हलकी केली. पण हलक्या बंदुकीत पुरी दारू भरली तर सगळा दणका खांद्यावर येतो. मग दारू कमी केली, छर्रे कमी केले. भरायला कमी, तर काडतूस लांब कशाला? ते आखूड झालं, आणि नळीतलं त्याचं घरही आखूड झालं."

"मग कमी छर्ऱ्यानं काही लागत असेल का?"

"पाखराला बराबर लागतं. नळी रुंद, छर्रे थोडे, म्हणून ते पसरून पण एकसारखे जातात. डुकराला काही होत न्हाई." त्यांनी नवं काडतूस उचललं. "हे यात कधी घालू नका. उडताना काडतुसाचं तोंड उघडतं, त्याला जागा लागते. इथं जागाच न्हाई. दाब वाढला तर नळी फाटेल."

"मग आखूड काडतुसं द्या."

त्यांनी नवं काडतूस परत कपाटात ठेवलं. "तुमच्या वडिलांनीही हेच मागितलं होतं. कितीतरी वर्षं झाली. मी सांगितलं, आता येत न्हाईत. दुसरी बंदूक घ्या. ते म्हणाले, असू द्या, ही उचलायला बरी आहे."

मी बाकावर बसून राहिले. मियाँनी पाणी दिलं. सगळे रविवार एकामागून एक आठवत गेले. फोनवर मी काळजी करायची आणि बंदुकीचं नाव ऐकलं की निवांत व्हायची. आणि बाबा रिकाम्या नळ्या खांद्यावर घेऊन बांधावर फिरत होते. मला सांगितलं असतं तर मी नोकरी सोडून आले असते? माहीत नाही. त्यांनाही ते माहीत नसावं, म्हणून त्यांनी सांगितलंच नाही.

परतताना एसटीत बंदूक मांडीवर आडवी होती. खरंच हलकी होती.

ठाण्यातल्या जमादारांनी विचारलं, "काडतूस मिळत न्हाई तर नावावर काहून करता?" मी बंदूक त्यांच्या टेबलावर ठेवली. मी ती जमा केली, पावती घेतली आणि घरी आले.

आता दिवस मावळताना मीच बांधावरून फिरते. हातात पत्र्याचा डबा आणि काठी. डबा वाजवला की तुरीत सळसळ होते, मग शांत होतं. परवा तांड्यावरचे एक शेजारी भेटले.

"आक्का, एकट्याच काहून फिरून राहिल्या?"

"पीक बघून राहिले."

ते नाल्यापर्यंत सोबत चालले. सोयाबीन कसं आहे, पाणी किती पुरेल, असं बोलणं झालं. नाल्यापाशी त्यांची वाट वळली. मी डबा दोनदा वाजवला आणि पुढच्या बांधाला लागले.