बारा इंचांत एक फेरा

भिण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस विषुववृत्ताच्या खालच्या बाजूला सापडणार नाही, आणि वरच्या बाजूला सापडलाच तर तो त्यांचा सख्खा भाऊ असेल. जगात भिण्यासारखं जे जे आहे, ते ते भाऊजींनी आधीच भिऊन ठेवलेलं आहे. भाऊजी हे माझ्या बायकोच्या तोंडचं नाव. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून ती त्यांना तसं म्हणते आणि तिचं ऐकून मीही म्हणतो. पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर असलेला हा माणूस न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला आला तेव्हा इथे भूकंप होतात हे त्यांना विमानात कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या घरातलं प्रत्येक कपाट भिंतीला पट्टीने बांधलेलं आहे, फ्रीज बांधलेला आहे, आणि देव्हाऱ्यातला गणपतीही पाटाला बारीक तारेने जखडलेला आहे. डोंगरावरच्या पवनचक्क्यांचं पातं निखळून अंगावर येईल म्हणून ते त्या रस्त्याने जात नाहीत. गाडी नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावतात, म्हणजे पळायची वेळ आली तर वळवण्यात वेळ जायला नको. शेजारणीच्या कुत्र्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, तरी त्याच्यासमोरून जाताना भाऊजी चेहऱ्यावर हसू ठेवून जातात.

पण या सगळ्या भीतींची एक राणी होती, आणि ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. ती लहान असताना तिला पोहायच्या क्लासला घातलं. भाऊजींना पोहता येत नाही. तरीही ते दर क्लासला पँटच्या आत टॉग्ज, म्हणजे पोहायची चड्डी, घालून तलावाच्या खोल बाजूला उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "अहो भाऊजी, तुम्हालाच पोहता येत नाही, तर उडी मारून करणार काय?" ते गंभीरपणे म्हणाले, "ते नंतर बघू रे. आधी उडी तर मारली पाहिजे." या वाक्यावर आमच्या घरी अनेक वर्षं हसून झालं आहे. ताई, म्हणजे त्यांची बायको, मात्र कधी हसली नाही, कारण ओली पँट वाळत घालायचं काम तिच्याकडे होतं. काठावर पाय घसरून ते दोनदा खरोखरच पडले होते.

तर अशा माणसाच्या घरात एके दिवशी सेकंडहँड रायफल आली. ती आणली भाचीने. विद्यापीठात ती जंगलांचा अभ्यास करत होती, आणि रानटी बकऱ्या डोंगरातली कोवळी झाडं कशा फस्त करतात हे ती आम्हाला जेवताना ऐकवायची. मित्रमैत्रिणींबरोबर त्या बकऱ्या मारायला जायचं असं तिने ठरवलं, रीतसर लायसन्स काढलं, सुट्टीत काम करून पैसे जमवले आणि जवळच्या फील्डिंग गावाकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून रायफल घेऊन आली. भाऊजी हादरले. "अगं, आपल्या सात पिढ्यांत कोणी झुरळावर चप्पल उगारताना दोनदा विचार केलेला नाही असं झालं नाही!" असं काहीतरी गुंतागुंतीचं वाक्य ते बोलले. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. "बाबा, रिलॅक्स. इट्स स्वीट अ‍ॅज," ती म्हणाली, म्हणजे इकडच्या भाषेत सगळं मस्त.

भाऊजींनी रिलॅक्स होण्याचा प्रयत्न आयुष्यात कधी केलेला नाही. गॅरेजच्या जमिनीत बोल्ट ठोकून त्यांनी तिजोरी बसवली. मग स्वतःही अभ्यास करून, परीक्षा देऊन लायसन्स काढलं. मी चकित झालो, तेव्हा म्हणाले, "ती जाणारच. मग निदान त्या वस्तूत भिण्यासारखं काय काय आहे ते मला नीट माहीत नको?" आणि त्या शोधातच त्यांना नळीतली फिरकी सापडली.

रायफलीच्या नळीच्या आत वळत गेलेल्या खाचा असतात, त्यांच्यामुळे गोळी गरगर फिरत बाहेर पडते, हे मला भाऊजींकडूनच कळलं. एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो यावर सगळं अवलंबून. "भोवरा बघ. जोरात फिरला की ताठ उभा राहतो, हळू फिरला की डुलायला लागतो आणि पडतो," ते म्हणाले. जड गोळी लांब असते, तिला जोरात फिरवावं लागतं, म्हणजे फेरा कमी इंचांत हवा. हलकी गोळी मंद फिरकीवरही सरळ जाते. म्हाताऱ्याने रायफलीबरोबर पंच्याहत्तर ग्रेन, म्हणजे जेमतेम पाच ग्रॅम, वजनाच्या जड गोळ्यांचे डबे फुकट दिले होते आणि फेरा नऊ इंचांचा आहे असं तोंडी सांगितलं होतं. नळीवर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. "आणि तो नऊचा नसला तर?" भाऊजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "गोळी हवेत कोलांट्या खात जाईल. कुठे जाईल ते कोण सांगणार? बकरीचं पोट फाडून तिला तडफडत ठेवेल, नाहीतर..." ते 'नाहीतर'च्या पुढे गेले नाहीत, आणि मलाही पुढचं ऐकायचं नव्हतं.

मोजमाप त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झालं. रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागून नळी बंद करणारा दांडा, काढून ठेवलेला, आत काहीही नाही हे मी स्वतः आरपार बघितलेलं, तरी मी नळीच्या तोंडापासून बाजूलाच उभा होतो. साफ करायच्या लांब गजाच्या टोकाला कापडाची चिंधी घट्ट बसवायची, गज नळीत सरकवायचा. त्याची मूठ गजाला मोकळं फिरू देते, त्यामुळे चिंधी खाचांवरून वळत जाते आणि गज आपोआप फिरतो. गजाला भाऊजींनी कागदाचं निशाण चिकटवलं होतं. निशाण पुन्हा वर आलं की एक फेरा पूर्ण, आणि तेवढ्यात गज किती आत गेला ते टेपने मोजायचं. टेप मी धरला होता. उत्तर आलं सोळा इंच.

भाऊजींच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद तिच्या बारशालाही पाहिला नव्हता. सोळा इंचांत एक फेरा म्हणजे अगदीच मंद. दुकानात मिळणारी एकही गोळी या नळीतून भरवशाने जायची नाही. म्हणजे रायफल निकामी, म्हणजे शनिवारी बकऱ्या मारायला जायचा तिचा बेत रद्द. त्यांनी ताईकडून आंब्याच्या रसाचा जपून ठेवलेला डबा फोडवला. भाचीचा चेहरा उतरला. "यू श्युअर, बाबा?" तिने विचारलं. "मोजून सांगतोय बाळा," ते म्हणाले आणि तिच्या वाटीत रस जास्त वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "कापड सरकतंय रे," एवढंच ते बोलले, आवाज पार खोल गेलेला. मी गेलो. टेबलावर तोच सगळा पसारा होता. खात्री करावी म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं तर साडेचौदा आलं, पुन्हा मोजलं तर पंधरा. "खाचा काही रोज बदलत नाहीत. मग आकडा का बदलतो?" चिंधी होती ताईच्या जुन्या सुती साडीची, धुऊन धुऊन मऊसूत आणि विरळ झालेली. ती खाचा पकडतच नव्हती, नुसती घसरत होती. आमच्या घरांतून पुसायला, गाळायला, बांधायला जुनी साडीच लागते, तसं त्यांनी सवयीने तिला हात घातला होता. मी इकडेतिकडे बघितलं. घरात आम्ही दोघेच होतो. "भाऊजी," मी म्हणालो, "कोणाला कळणार आहे? सोळाच राहू द्या की." खोटं कशाला बोलू, मलाही ती जायला नको होती. त्या डोंगरांत धुकं उतरलं की समोरचं माणूस दिसत नाही, आणि जनावर समजून माणसालाच गोळी लागते असं मी ऐकलं होतं.

भाऊजींनी टेप पुन्हा उलगडला. मग म्हणाले, "सोळा म्हटलं तर ही बंदूक ती विकेल आणि कोणातरी मित्राची घेऊन जाईल. ती नळी मी बघितलेली नसेल रे." आणि त्यांनी कात्री उचलून माझ्या जाड फ्लॅनेलच्या शर्टाचं मागचं टोक, मी तो घातलेला असताना, कापलं. ती चिंधी गजावर इतकी घट्ट बसली की ढकलताना दोघांचा जोर लागला. बारा इंच आलं. पुन्हा बारा, आणि त्यानंतरही बाराच. म्हणजे म्हाताऱ्याचे नऊ चूक होते आणि फुकटच्या जड गोळ्या धोक्याच्या. पण पंचावन्न ग्रेनच्या हलक्या गोळ्या चालणार होत्या. आणि चालणार, म्हणजे ती जाणार. संध्याकाळी त्यांनी तिला स्वतःच सगळं सांगितलं.

तिचा जड गोळ्यांवरचा विश्वास उडेना, म्हणून आम्ही तिघं रेंजवर गेलो. तिथे शेजारच्या माणसाने बार काढला तेव्हा मी आणि भाऊजी एकाच वेळी एकमेकांचा दंड धरून उभे होतो. भाचीने तीन जड गोळ्या झाडल्या. कागदावर एक भोक पडलं, तेही गोल नव्हे, आडवं; गोळी चक्क कुशीवर झोपून गेली होती. दुसरी फळीच्या कडेला लागली होती. "तिसरी कुठे गेली?" भाऊजींनी विचारलं. मागच्या मातीच्या बांधात गेली असेल, असं तिथला देखरेखीचा माणूस म्हणाला. मग तिने हलक्या गोळ्या झाडल्या, तर सगळी भोकं वाटीच्या बुडाखाली झाकतील इतकी जवळजवळ पडली. ती वळून हसली. "नाइस वन, बाबा! सो आय एम गुड फॉर सॅटर्डे." भाऊजींनी मान डोलावली. घरी पोचेपर्यंत ते मला मधूनमधून विचारत होते, "पण तिसरी कुठे गेली असेल रे?"

शनिवारी ती पहाटे गेली. तिकडे फोन लागत नाही. भाऊजी जेवले नाहीत. दुपारपासून ते गाडीत स्टिअरिंगमागे बसून होते, आणि मी त्यांच्या शेजारी. रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या त्या गाडीला जायला कुठे जागाच नव्हती. डोंगरांवर ढग उतरले. मला इतकी भीती वाटत होती की थट्टा सुचेना. भाऊजी एकदाच बोलले. म्हणाले, "आपण ती बंदूक नीट करून दिली ना रे? मीच दिली."

अंधार पडता पडता मित्राची गाडी आली आणि ती उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा पांढरा. ताई दारात आली. भाऊजी गाडीतून उतरले, पण पुढे जाईनात. तीच जवळ आली. नेहमीची इंग्रजी तिला सुचत नव्हती. "बाबा, झाडीत काहीतरी हललं. तपकिरी. सगळे म्हणाले, बकरी आहे, टेक द शॉट. मला नीट दिसेना. मी घाबरले. हेप्स, खूप. मी नाही मारली गोळी."

"काय होतं ते?" मी विचारलं.

"माहीत नाही, काका. निघून गेलं."

तिला सगळ्यांसमोर फार लाज वाटली होती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. भाऊजींनी तिचा थंडगार हात दोन्ही हातांत घेतला. जन्मभर लोकांनी त्यांना 'घाबरू नका' असं सांगितलं आहे. बायकोने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, मी तर हसत हसत किती वेळा सांगितलं असेल. ते तिला म्हणाले, "घाबरत जा, बाळा. अशीच घाबरत जा." मग त्यांना रडू आवरेना आणि ताईने दोघांना आत नेलं.

भाची आता दक्षिण बेटावर नोकरी करते, डोंगरांतच हिंडत असते. रविवारी तिचा फोन येतो. "ऑल गुड, बाबा," ती म्हणते, दरवेळी तेवढंच, आणि मग ताईशी बोलते. परवा मी तिथेच होतो. फोन झाल्यावर भाऊजी खिडकीपाशी गेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाबरली तर सांगेल ना रे ती?"

"सांगेल की," मी म्हणालो. पण ते मला तरी कुठे माहीत होतं.