बोडीवरचे नऊ गोळे

कोंढ्याच्या शाळेत मी सात वर्षं विज्ञान शिकवलं आणि सातही वर्षं एकटी जेवले. माझा स्वभावही काही कमी तिरसट नव्हता. शेजारणी दोनदा येऊन बसल्या, तिसऱ्यांदा फिरकल्या नाहीत.

पावसाळ्यातले रविवार मात्र वेगळे असत. नागपूरच्या माझ्या जुन्या प्राध्यापकांनी मला एक वही दिली होती. गावाबाहेर एक बोडी होती, उन्हाळ्यात आटणारं लहानसं तळं. पाऊस लागला की झाडावरचे बेडूक तिथे पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना मुठीएवढे फेसाचे गोळे करून त्यात अंडी घालत. दर रविवारी सकाळी ते गोळे मोजायचे, एवढंच काम. धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, निघालेल्या चार बाया पहिल्याच रविवारी थांबल्या, पोट धरून हसल्या आणि मग चौघींनी चार काठ वाटून घेतले. गोळा त्यांना माझ्याआधी दिसायचा. मोजून झालं की बांधावर बसून त्या आपल्या डब्यातली भाजी माझ्या हातावर घालत. आठवडाभरात मी कोणाबरोबर खायची ते तेवढंच.

पाचव्या वर्षी काठाची झुडपं कुणीतरी तोडून नेली. गोळे कमी होत गेले. एका रविवारी एकच सापडला. मी बोलून गेले, की आता शून्य आलं तर सर ही बोडी सोडून देतील आणि माझंही येणं संपेल.

पुढच्या रविवारी नऊ गोळे होते! मी हरखले, घाईघाईने वहीत नऊ लिहिले. मग गोळा असलेली एक डहाळी जवळून पाहिली. ती बाभळीला तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, काडीने बांधलेली होती, पीळ देऊन टोक आत खुपसलेलं. रोवणीसाठी उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या या बाया अशाच बांधत. उरलेल्या आठही तशाच निघाल्या.

चौघींतली थोरली मान खाली घालून म्हणाली, "दुसऱ्या बोडीवरून आणले, बाई. गिनती सरली त तुमी कायले येता इकडं? घरी एकल्याच बसून राहता."

मला रडू येत होतं, पण रागावणं मला सोपं जातं. नोंद खोटी करता का, म्हणून मी त्यांना नको तेवढं सुनावलं. नऊवर काट मारली, शून्य लिहिलं आणि वही पाठवून दिली. काम चोख झालं, आता थांबवा, असं सरांचं पत्र आलं.

खूप दिवसांनी शेजारणीकडून कळलं, की रोवणी संपेपर्यंत दर रविवारी त्या चौघी बोडीच्या बांधावर थोडा वेळ थांबत. त्या वेळी मी घरात चहा पीत बसलेली असे. वहीशिवाय तिथे जायला मला कोणी मनाई केली नव्हती.