हरतालिकेच्या दिवशी मी जेवलो

संध्या गोळीने गेली नाही.

गेलं वर्षभर हेच सांगतोय सगळ्यांना. आता सांगायचाही कंटाळा आलाय.

गोळीने तिला आधी एकदा पाडलं होतं, ते खरं. लघवीला जळजळ होते म्हणून पालघरच्या एका मेडिकलमधून सल्फाची गोळी घेतली. मग पोट असं दुखलं की अपेंडिक्स समजून ऑपरेशन झालं. अपेंडिक्स चांगलं निघालं. दुखणं तसंच.

शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरबाईंनी तिच्या लघवीची बाटली खिडकीत उन्हात ठेवली. दुपारपर्यंत लालकाळी झाली.

पोर्फिरिया नावाचा आजार. आईकडून रक्तात आलेला. सल्फा बंद, अजून बरीच औषधं बंद.

आणि उपाशी राहायचं नाही.

मी तेव्हा सेकंड इयर सोडून तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला लागलो होतो. आमच्या प्लांटमध्ये सल्फाच बनायचं. पांढरी पावडर नखांत, कानांत.

संध्याला भेटायला गेलो की ती हसायची. "लांब बस रे. तुज्या शर्टाला माजं मरण लागलंय."

मी कंपनीतच अंघोळ करून, कपडे बदलून जायला लागलो. तरी चैन नाही. सुपरवायझरकडे डिपार्टमेंट बदलून मागितलं, तो हसला. भांडलो. नोकरी सोडली.

गेल्या भाद्रपदात तिला झटके आले. बोईसरला आयसीयूत नेलं. मी धावत गेलो आणि समोर दिसला त्या डॉक्टरची कॉलर धरली. सल्फा कोणी दिलं हिला?

तो चिडला नाही. म्हणाला, औषध कोणीच दिलेलं नाही. पोटात अन्न कधीपासून नाही, ते विचारा घरच्यांना.

तिची आई भिंतीला टेकून उभी होती.

"हरतालिका धरलेली. पाणीपन नाय घेतलं. त्याआधी श्रावणातले सोमवार."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्यासाठीच रे, तूच नवरा मिळावा म्हनून. मी नको बोलली तिला. तर बोलते, आय, गोळी थोडीच खाते मी."

मी कॉलर सोडली.

आम्ही सगळे गोळीवरच डोळा ठेवून बसलो होतो. तीसुद्धा.

गौरी गेल्या, त्याच दिवशी ती गेली.

आज पुन्हा हरतालिका. सकाळी पोरी पूजेसाठी किनाऱ्यावरून वाळू घेऊन गेल्या. माझी धाकटी बहीणही उपास धरून बसलेली.

भांडलो नाही. तेवढी ताकदच नाही आता.

दोन ताटं वाढली आणि तिच्यासमोर बसलो. पहिला घास मी घेतला. मग तिने भात कालवला.

संध्या, मी जेवलोय.

आता तूही जेव गं, बाय.